आट्याची सुरुवात

संभाजीनगरजवळ वाळूजला १९८५ मध्ये बजाजचा कारखाना आला. भोवती सुटे भाग करणारी वर्कशॉप्स वाढली. त्यातल्याच एकात बाबांनी टर्नर म्हणून आयुष्य काढलं. पुढे तिथे सीएनसी आलं आणि त्यांच्याकडे जॉब लावणं-काढणं एवढंच उरलं. त्यामुळे मी घरी छोट्या लेथला कॉम्प्युटर जोडला, तेव्हा ते लांबूनच बघत राहिले.

खरी परीक्षा आटे पाडताना होते. एम१० बोल्टचा पिच दीड मिलिमीटर: जॉबचा एक फेरा झाला की टूल तेवढंच पुढे सरकायला हवं. पण आटा एका कटात होत नाही. पुन्हा पुन्हा त्याच खाचेतून जावं लागतं. सुरुवात चुकली की जॉब भंगारात. त्यात कट लागला की छोटी मोटर मंदावते.

म्हणून स्पिंडलवर शंभर खाचांची चकती बसवली. दोन ऑप्टिकल सेन्सर फेरा आणि दिशा मोजतात. तिसरा एकाच वेगळ्या खाचेवर. ती खाच आली की लिनक्ससीएनसी टूल सोडतं.

"म्हणजे आमची डायलच की," बाबा म्हणाले. डायलवरचा आकडा रेषेवर आला की ते हाफ नट टाकायचे. मग जवळ येऊन म्हणाले, "सेन्सरवर ऊन पडतंय. चुकीचं मोजेल." पत्र्याचं झाकण त्यांनीच कापून दिलं.

पहिल्या बोल्टवर नट त्यांनी बोटांनी फिरवला. शेवटपर्यंत गेला. ज्या यंत्राने त्यांचं काम घेतलं, त्याला ते काम शिकवतानाच मला कळलं, बाबा रोज काय करायचे.