रन, रनवे आणि चाललंय

दिवसातून पन्नासेक वेळा तरी मी ‘रन’ म्हणतो. कोड रन केला, टेस्ट रन होतायत, रात्रीचा जॉब रन झालाच नाही. इतक्या वापरातल्या शब्दाकडे सहसा कुणी बघत नाही. पण ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशासाठी ‘रन’ची नोंद नव्याने लिहिली गेली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले. पीटर गिलिव्हर या संपादकाचे त्यात नऊ महिने गेले. आधीच्या, १९८९च्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंदीचा मान ‘सेट’कडे होता.

इंग्रजीत नाक रन होतं, नळ रन होतो, धुतल्यावर कपड्याचा रंगही रन होतो. आपल्याकडे नाक गळतं, नळ वाहतो, रंग जातो. अमेरिकेतला पुढारी निवडणुकीला ‘रन’ करतो. इंग्लंडातला मात्र आपल्यासारखाच उभा राहतो. आणि इंग्रजीत रन होणारी यंत्रं, कारखाने, दुकानं मराठीत चालतात. घड्याळ चालतं, खटला चालतो, डोकं चालतं, घर चालतं.

यावरून ते लोक घाईचे आणि आपण निवांत, असा सिद्धांत मांडायचा मोह होतो. तो खरा नाही. नळ रन होतो म्हणताना इंग्रजाला कुणी पळताना दिसत नाही, जसे ‘घर चालतं’ म्हणताना आपल्याला घराचे पाय दिसत नाहीत. आपल्या भाषेतल्या अशा उपमा वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या असतात. दुसऱ्याच्या भाषेतल्या मात्र कधी कधी टोचतात.

मला ‘रनवे’ टोचला. स्टार्टअपच्या भाषेत रनवे म्हणजे बँकेतली शिल्लक भागिले दरमहा कमी होणारी रक्कम. मी होतो त्या छोट्या कंपनीच्या मालकाने एका मीटिंगमध्ये सांगितलं, आपला रनवे पाच महिन्यांचा आहे. त्याचा आवाज रोजच्यासारखाच होता. मला मात्र धावपट्टी दिसली आणि तिचं टोकही दिसलं.

रात्री बाबांना फोनवर म्हटलं, “पाच महिने पुरतील एवढेच पैसे उरलेत.” साताऱ्यात त्यांचं वह्या-पुस्तकांचं दुकान आहे. ते म्हणाले, “म्हणजे अजून चाललंय ना?”

दुकान कसं आहे असं कुणी विचारलं, की बाबा हेच सांगतात, “चाललंय.” त्यात नफ्याची फुशारकी नसते, तोट्याची कबुलीही नसते. उद्या सकाळी शटर उघडेल, एवढंच त्यातून कळतं. धावपट्टीवर असं रेंगाळता येत नाही. टोक यायच्या आत उडावं लागतं, नाहीतर थांबावं लागतं.

आम्ही उडालो नाही. पाच महिन्यांनी कंपनी बंद झाली. पुढची नोकरी मिळेपर्यंत अडीच महिने गेले. त्या काळात ओळखीचं कुणी भेटलं, की “काय चाललंय?” असं विचारायचं आणि मी म्हणायचो, “चाललंय.” पुढे कुणी काही विचारत नसे.