आतली खिडकी

खिडकी म्हटली की आभाळ, पाऊस, गुलमोहर असे काहीबाही डोळ्यांपुढे येते. आमच्या घरातली एक खिडकी मात्र यांपैकी काहीच दाखवीत नाही. स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्या मधल्या भिंतीत ती आहे. नुसती चौकट, ना गज, ना झडपा.

ताईला पाहायला पाहुणे यायचे होते, म्हणून ती सजवायचे ठरले. शेजारच्या काकू म्हणाल्या, "फुलाफुलांचा पडदा लाव. आतला पसारा झाकेल." पण त्या पसाऱ्यातच आईचा दिवस जातो. बाहेरच्या गप्पा तिला याच खिडकीतून ऐकू येतात. माझे पुस्तक उघडे आहे की मिटलेले, तेही इथूनच दिसते. पडद्याने तीही झाकली गेली असती.

मग चौकटीभोवती वीतभर रुंद गेरूचा पट्टा दिला. तो वाळल्यावर तांदळाच्या पिठात पाणी व थोडा डिंक कालवला आणि बांबूच्या काडीचे टोक ठेचून वारली पद्धतीची नक्षी काढली. वारल्यांच्या घरी लग्नाचा चौक सवाशिणी तांदळाच्या पिठानेच काढतात. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला कागदावर, कापडावर काढून जगापुढे नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आमचा सारा खर्च चाळीस रुपये.

पाहुण्यांनी विचारले, "हे कोणी काढले?" अशा बैठकीत आई कधी बोलत नाही. त्या दिवशी मात्र उत्तर खिडकीतून आले, आणि सर्वांच्या माना तिकडे वळल्या.