कुला मामाची अर्धी गोष्ट

चि. छकुलीस,


पत्र पोचलं. धारणीपासून आत शाळा, पहिली-दुसरी एकत्र, बावीस मुलं आणि त्यातली सतरा कोरकू. ‘मावशी, मैदानात नुसता कलकलाट, आणि वाचनाच्या तासाला तोंडाला कुलूप,’ असं तू लिहिलंस आणि मला माझं चिखलदऱ्याकडचं पहिलं वर्ष आठवलं. मी तर वहीत अर्ध्या वर्गापुढे ‘अबोल’ लिहून मोकळी झाले होते.

एकदा चित्रवाचनाला वाघ आला. ‘हा कोण?’ सगळे गप्प. मागून एक पोरगा शेजाऱ्याला हळूच म्हणाला, ‘कुला.’ मी विचारलं, कुला म्हणजे? आणि वर्ग फुटलाच गं! कुला मामा, त्याचं ठाणं, कुणाची बकरी नेली, कुणाच्या आज्यानं त्याला पाहिलं. एकाचं वाक्य दुसरा पुरं करत होता, तिसरा मध्येच दुरुस्ती सांगत होता. आणि मी काय करावं? ‘एकेकानं! हात वर करा!’ म्हणाले. वर्ग पुन्हा मिटला.

पुढं बऱ्याच वर्षांनी होनोलुलूच्या एका प्रयोगाबद्दल वाचलं. तिथं मूळ हवाईयन मुलं वाचनाच्या तासाला अशीच गप्प असत. त्यांच्या घरी गोष्ट चारचौघं मिळून, एकमेकांच्या बोलण्यात बोलत सांगतात. शिक्षिकांनी छोट्या गटात तसं बोलू दिलं, तेव्हा मुलं गोष्टीबद्दल भरभरून बोलू लागली. कॅथरिन आऊ यांनी १९८० मध्ये ते लिहिलं. म्हणजे माझ्याही वर्गाला गप्प बसवलं होतं ते ‘एकेकानं’ या नियमानं. तो नियम माझा होता, मुलांचा नव्हे.

आमच्या प्रशिक्षणांत यातलं काही नसायचं. चहा, बिस्किटं, गटचर्चा, हजेरीपत्रकावर सही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, संथाळीच्या नात्यातली. मराठीची ती बोली नव्हेच, एवढं साधंही कुणी सांगितलं नाही. मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करा, असं घटनेत १९५६ पासून आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही मातृभाषा आहे, पण ‘शक्य असेल तितपत’. या तीन शब्दांतून अख्खं खातं आरामात निसटतं.

तू खात्याची वाट बघू नकोस. आठवडाभर पाठटाचणाच्या मागच्या पानावर मुलांची नावं लिही आणि ज्याला प्रश्न विचारशील त्याच्यापुढे एक रेघ मार. मी मारल्या तेव्हा लाज वाटली. बहुतेक रेघा पुढच्या बाकावरच्या, दुकानदार नि नोकरदारांच्या पोरांपुढे! शिवाय त्यांना मी ‘असं का झालं?’ विचारायची आणि कोरकू मुलांना ‘हे अक्षर कोणतं?’ नुसत्या अक्षरावर कोण किती बोलणार?

आणखी एक. प्रश्न विचारलास की मनात तीनपर्यंत मोज. मेरी बड रो या बाईंनी वर्गांतलं बोलणं टेप करून मोजलं होतं: शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात, ‘मागे पडलेली’ म्हटलेली मुलंही बोलू लागतात. ज्याला मनात कोरकूतून मराठीत यायचंय त्याला तीनही कमीच. पण तुला ते तीनच फार लांब वाटतील, बघ.

रेघांचं पान मला पाठव. आणि कुला मामाची गोष्ट कुणी सांगितली तर तीही लिही. माझी अर्धीच ऐकून झालीय.

तुझी,
मावशी