हात न लावता

ठमीला माणसांचं वावडं कधीच नव्हतं, तिचं भांडण हातांशी होतं. तुम्ही समोर बसलात तर ती बसू द्यायची, पण दोन्ही तळवे तिला दिसले पाहिजेत. एखादा हात पाठीमागे गेला की सुळे बाहेर. निवाऱ्यातल्या माणसानं ताबा देतानाच सांगितलं होतं, "दोन घरांतून परत आलीय, बघा बुवा." कानाला नसबंदीची खाच. त्या खाचेत जाळं, गाडी, पिंजरा, सुई असा सगळा प्रवास आला. नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि पुन्हा तिच्याच गल्लीत आणून सोडायचं, ही २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांतली पद्धत. मला ती पटते. पण कुत्र्याच्या बाजूनं पाहिलं तर माणसाचा हात म्हणजे पकड, एवढंच पदरात पडतं.

अशा कुत्रीला घेऊन ठाण्याच्या कोलशेतात राहायचं म्हणजे परीक्षाच. इथे पूर्वी बायर, क्लॅरिअंटसारखे कारखाने होते, आता टॉवर आहेत. टॉवर म्हटले की लिफ्ट आली, हेल्मेट घातलेली पार्सलवाली पोरं आली आणि "कित्ती गोड!" म्हणत डोक्यावर थेट हात ठेवणारी माणसं आली. त्यातल्या शेवटच्यांची मला जास्त भीती वाटायची.

तिला ॲजिलिटी शिकवावी हे एका मैत्रिणीनं सुचवलं, तेव्हा मी हसले होते. अडथळ्यांची ती शर्यत गोऱ्या साहेबाच्या गुबगुबीत कुत्र्यांची, असा माझा समज. जन्म तिचा लंडनचाच. १९७८ साली क्रफ्ट्सच्या कुत्र्यांच्या प्रदर्शनात मधला वेळ भरून काढायला काहीतरी हवं होतं; जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या उड्यांच्या शर्यतीवरून हा खेळ बेतला. उड्या, बोगदा, टायर, सी-सॉ, ओळीनं रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी धाव. वेळ घड्याळावर मोजायची, आडवी दांडी पाडली की गुण गेले. हे सगळं ठीक. मला थांबवलं ते त्यातल्या एका नियमानं: धावताना गळ्यात साखळी नाही, आणि माणसानं कुत्र्याला हात लावायचा नाही. बोलायचं, इशारे करायचे, सोबत धावायचं. स्पर्श केला की दंड. ठमीनं स्वतः नियम लिहिले असते तर दुसरं काय लिहिलं असतं?

आणि कुत्र्यामागे धावण्याचं म्हणाल तर आपल्याला ते नवं नाही. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन नामदेव महाराज धावले, ही गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली. त्यांच्या हातात तूप होतं, माझ्या हातात जवळा. ठमी बिस्किटांना हुंगत नसे, पण गावातून कोळणीकडून आणलेला, मीठ न लावता वाळवलेला जवळा पाहिला की तिच्या नाकपुड्या थरथरायच्या. "कुत्रीला जवला? बरा हाय तिचा!" असं म्हणून मावशी मूठभर जास्तच घालायच्या.

आमच्या मैदानात काठ्यांच्या जागी क्रिकेटचे स्टंप, उडीसाठी प्लंबरकडून कापून आणलेले पीव्हीसी पाइप. स्टंप आधी दोन रांगांत लावायचे, मध्ये सरळ गल्ली. गल्लीतून पळालं की पलीकडे जवळा. मग रांगा बोटबोटभर जवळ आणायच्या. कुत्र्याला वाटतं आपण सरळच पळतोय, आणि पाठीचा कणा मात्र माशासारखा वळायला लागतो. पहिली काठी डाव्या खांद्याला ठेवून शिरायचं, हेही तिला सांगावं लागत नाही; आपण उभं कुठे राहतो त्यावर ते ठरतं.

सी-सॉनं मात्र घाम काढला. फळीचं टोक जमिनीवर आपटलं की ठमी सोसायटीच्या गेटपर्यंत. उपाय साधा होता, चिवट होता. टोकाखाली जुनी गादी ठेवली, म्हणजे आवाजच नाही. पुढे गादीच्या जागी गोणपाट, मग टॉवेल, मग घडी उलगडलेला टॉवेल. मध्येच ती थांबायची आणि मानही न वळवता खाली उतरून जायची. स्पर्धेत याला गुण कापतात. आमच्याकडे त्या दिवशी फळी गुंडाळून घरी जायचं, एवढंच. नाही म्हटलं तरी कुणी धरत नाही, हे तिला कळल्यावरच ती हो म्हणू लागली, असं माझं मत. प्रशिक्षक याला शास्त्रीय नाव देतील.

देशी कुत्र्यांना हे जमेल का, असं अजूनही विचारतात. उत्तराखंड पोलिसांच्या श्वानपथकात रस्त्यावरून उचललेला 'ठेंगा' नावाचा कुत्रा दाखल झाला होता. नाव कुणी ठेवलं माहीत नाही, पण विचारणाऱ्यांना उत्तर म्हणून चोख आहे.

वरच्या मजल्यावरचा लॅब्रेडॉर हल्ली शिकायला येतो. त्याच्या वंशावळीचा कागद फ्रेम करून भिंतीवर लावलाय. तो बोगद्यात ऐटीत शिरतो आणि मध्यावर जाऊन झोपतो. ठमी बाहेर उभी राहून त्याच्यावर भुंकते, मी आत टॉर्च मारते, आणि मालक दुसऱ्या तोंडाशी बसून म्हणतात, "राजा, बाहेर ये ना रे." जवळा मात्र दोघांचा तोच संपवतो.