नोगची वैद्यकीय रजा

अंतराळातल्या साहसकथा सांगणाऱ्या दूरचित्रवाणी मालिकांतील नायक सहसा घाबरत नाहीत. घाबरलेच तर तो भाग संपायच्या आत सावरतात आणि पुढच्या आठवड्यात त्या भयाची आठवणही कोणाला उरत नाही. या रिवाजाला छेद देणारा 'स्टार ट्रेक : डीप स्पेस नाईन' या अमेरिकन मालिकेचा एक भाग डिसेंबर १९९८ मध्ये प्रक्षेपित झाला. 'इट्स ओन्ली अ पेपर मून' हे त्याचे नाव. मी तो बऱ्याच वर्षांनी, दिल्लीतील नेमणुकीत असताना, मुलाने आणलेल्या तबकड्यांवर पाहिला. ज्या पात्राला आपण अनेक भागांतून धीट म्हणून ओळखतो, ते भयाने पुरते मोडून पडते आणि आपल्या वाट्याचा सगळा वेळ त्या मोडण्यासाठीच मागून घेते, हे मी अशा मालिकेत प्रथमच पाहत होतो. पाहताना एक सरकारी अधिकारी म्हणून जे सुचले ते येथे लिहीत आहे.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. नोग हा फेरेंगी जमातीचा मुलगा. हे नाव मराठी माणसाला ओळखीचे वाटेल, आणि ते वाटणे योग्यच आहे. अरबी-फारसीतून आपल्याकडे 'फिरंगी' आला, त्याच कुळातला हा शब्द. फेरेंगींचा धर्म नफा. त्यांच्याकडे धनसंचयाचे २८५ नियम आहेत आणि माणसाची लायकी त्याच्या कानांच्या पाळ्यांवरून, म्हणजे व्यापारी चातुर्यावरून ठरते. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात भेटणारा, केवळ स्वहित जाणणारा जो विवेकशील माणूस एम.ए.च्या वर्गात आम्हांला दोन वर्षे छळत असे, त्याची पूर्ण वसाहतच कोणी वसवली तर ती अशी असेल. त्या वसाहतीतला हा पोरगा १९९५ मधील एका भागात अंतराळस्थानकाचे प्रमुख सिस्को यांच्यापुढे जाऊन उभा राहतो आणि स्टारफ्लीटच्या प्रबोधिनीसाठी शिफारस मागतो. मागताना रीतीप्रमाणे पैशांची थैली पुढे करतो. सिस्को त्याला गोदामातल्या मालाची मोजदाद करायला लावतात. वस्तू नाहीशा होतील अशी त्यांची अटकळ असते. एकही नाहीशी होत नाही. मग त्याला खोदून विचारले जाते, तुला सेवेत का यायचे आहे? तेव्हा तो आपल्या बापाविषयी सांगतो. बाप यंत्रविद्येत निष्णात, पण जमातीच्या रूढीपायी व्यापारात पडला आणि तेथे अपयशी ठरला. मला तसे व्हायचे नाही, असे तो म्हणतो.

निवड समित्यांसमोर बसलेल्या कोणाही अधिकाऱ्याला हा प्रसंग भिडेल. नोग आपल्या जमातीतला पहिला स्टारफ्लीट अधिकारी होतो. आपल्या देशात गावातला, जातीतला किंवा घराण्यातला 'पहिला' म्हणून सेवेत आलेली कितीतरी मुले मी पाहिली आहेत. त्यांच्या धाडसात एक जादा ओझे असते. ती केवळ काम करीत नसतात, सतत सिद्धही करीत असतात.

पुढे युद्ध सुरू होते. त्याच हंगामातील 'द सीज ऑफ ए.आर.-५५८' या भागात नोग एका उजाड ग्रहावरील ठाण्यावर पोहोचतो. शत्रूकडून जिंकलेले संदेशवहनाचे केंद्र राखायचे, एवढेच तेथील तुकडीचे काम. दीडशे माणसांतील त्रेचाळीस उरलेली आहेत. नव्वद दिवसांनी आघाडीवरची तुकडी बदलावी असा स्टारफ्लीटचा नियम आहे. या तुकडीला तेथे पाच महिने झालेले आहेत. संवादांच्या ओघात हा तपशील निघून जातो, पण माझे लक्ष तेथेच अडकले. नियम आहे, कारणे आहेत आणि नियम पाळता न येण्याचीही कारणे आहेत. कोणाही एकाची चूक नाही. नोग टेहळणीला जातो, पायाला गोळी लागते आणि पाय कापावा लागतो.

चोविसाव्या शतकातले वैद्यक, त्यामुळे नवा पाय बसतो. तपासण्यांत तो निर्दोष ठरतो. तरीही नोग काठी टेकत लंगडतो आणि पाय दुखतो म्हणून सांगतो. युद्धाच्या त्या रात्री ठाण्यावर 'आय विल बी सीइंग यू' हे जुने गाणे वाजवले गेले होते. तेच गाणे तो खोलीत पुन्हा पुन्हा लावतो, इतके की सोबत राहणारा मित्र कातावतो. रजेच्या काळात पुनर्वसन कोठे व्हावे हे निवडण्याची मुभा त्याला असते. तो जी जागा निवडतो ती खरी नाहीच. संगणकाच्या साहाय्याने उभे केलेले १९६२ मधील लास व्हेगास, त्यातले एक गाण्याचे विश्रामगृह आणि विक फोंटेन नावाचा, तोही संगणकानेच घडवलेला, गायक. नोग तेथे राहायलाच जातो.

बाप, काका, समुपदेशक असे सगळे चिंतेत पडतात. लेखक रोनाल्ड मूर यांचे कसब असे की कोणालाही त्यांनी मूर्ख ठरवलेले नाही. आणि गंमत पाहा, नोगला पहिला दिलासा मिळतो तो हिशेबाच्या वह्यांतून. विकचे जमाखर्च पाहता पाहता तो रमतो, धंदा वाढवण्याचे बेत आखतो, काठी विसरू लागतो. ज्या फेरेंगीपणापासून तो पळाला होता, तोच आजोळासारखा त्याला सांभाळतो. पण मित्राबरोबर आलेली एक मुलगी त्याच्या शौर्याचे कौतुक करते तेव्हा तो भडकतो आणि मित्रालाच ठोसा लगावतो. 'शूर' या शब्दाने असे का व्हावे?

याचे उत्तर तो शेवटी स्वतः देतो. रजा संपल्यावरही तो बाहेर यायला तयार नाही हे पाहून विक स्वतःलाच बंद करून घेतो. नोग त्याला पुन्हा चालू करण्याची धडपड करतो, ती फसते आणि मग विक परत आल्यावर तो बोलतो. युद्ध सुरू झाले तेव्हा मला आनंद नव्हता, पण स्वतःला सिद्ध करण्याची संधी मिळाली म्हणून मी उत्सुक होतो. लढाया पाहिल्या, इतर मेले, पण मला काही होणार नाही असे कोठेतरी वाटत होते. मग गोळी लागली. आता मला काहीही होऊ शकते हे मला ठाऊक आहे, आणि मी घाबरलो आहे. या खोटया जगात निदान पुढे काय होणार ते मला माहीत असते. आशय असा.

मला हे बोलणे फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यात धैर्य आणि भय यांचे नाते नेहमीच्या समजुतीपेक्षा वेगळे दिसते. नोग पूर्वी शूर होता आणि आता भित्रा झाला, असे घडलेले नाही. पूर्वीच्या शौर्याची किंमत त्याला तेव्हा कळली नव्हती. ते देयक आता हाती पडले आहे. चर्चिल यांचे वैद्य लॉर्ड मोरन पहिल्या महायुद्धात खंदकांमध्ये वैद्यकीय अधिकारी होते. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द अ‍ॅनाटॉमी ऑफ करेज' या पुस्तकात त्यांनी धैर्याला भांडवलाची उपमा दिली. प्रत्येकाजवळ ते मर्यादित असते आणि युद्धात सतत खर्च होत राहते. अर्थशास्त्राच्या भाषेत, धैर्य हा साठा आहे, प्रवाह नव्हे. मग तो नव्वद दिवसांचा नियम म्हणजे दुसरे काय? घसाऱ्याची तरतूद. यंत्राचा घसारा आपण दरवर्षी बिनबोभाट लिहितो. माणसाचा लिहायची वेळ आली की मात्र त्याच्या निष्ठेविषयी शंका घेतो.

ही शंका कोणत्या थराला गेली होती याचे एक उदाहरण पुरेसे आहे. पहिल्या महायुद्धात युद्धभूमी सोडणे, भ्याडपणा दाखवणे अशा आरोपांखाली ब्रिटिशांनी आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्याच काळात, १९१५ मध्ये, चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक' या नावाने अशा रुग्णांचे वर्णन छापले होते. म्हणजे ज्ञान अगदीच नव्हते असे नाही. त्या ३०६ सैनिकांना कायद्याने क्षमा मिळाली ती २००६ मध्ये. अमेरिकन मनोविकार संघटनेने आघातोत्तर तणावाच्या विकाराला आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले ते १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्यांचे हाल डोळ्यांसमोर आल्यावर.

आता आपल्याकडे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम, १९७२ मध्ये कर्तव्य बजावताना झालेल्या दुखापतीसाठी पूर्वी 'विशेष अक्षमता रजा' होती. सातव्या वेतन आयोगानंतर तिच्या जागी कामाशी संबंधित आजार आणि दुखापत यांसाठीची रजा आली. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा खालच्या पदावर आणता येत नाही. काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या अन्य पदावर घ्यावे लागते. मनोविकारही त्या कायद्याच्या अनुसूचीत आहेत. कायद्यांत उणीव आहे अशी तक्रार मला करायची नाही. पण नोगसारखा माणूस या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो. त्याची जखम भरलेली असते, म्हणून रजा संपते. त्याचे भय प्रमाणपत्र मिळण्याइतके मोठे किंवा कायमचे नसते, म्हणून दुसरे पद नाही.

अशी एक फाइल माझ्याकडे आली होती. पूर्व भारतातील एका सीमावर्ती जिल्ह्यात आमच्या खात्याचा एक निरीक्षक रात्रीच्या गस्तीवर असताना जमावाने पथकाला घेरले. दोन शिपायांना आधी निसटू देऊन हा मागे राहिला. दगडांनी हात दोन ठिकाणी मोडला. तीन महिन्यांनी वैद्यकीय मंडळाने त्याला कामावर घेण्यास हरकत नसल्याचे लिहिले. रुजू झाला त्याच दिवशी त्याने अभिलेख कक्षात नेमणूक मिळावी असा अर्ज केला. शाखेची टिपणी नमुनेदार होती. सदर कर्मचारी शारीरिकदृष्ट्या सक्षम असून विनंतीस सबळ कारण आढळून येत नाही. तोंडी मात्र सगळे एकच शब्द बोलत होते, 'घाबरलाय'. त्याच्या शौर्याबद्दल प्रशंसापत्र द्यावे, असा प्रस्ताव त्याच वेळी दुसऱ्या फाइलीत चालला होता. एकाच माणसाविषयीच्या या दोन फाइली एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

मी त्याला बोलावून घेतले. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि हिंदीत म्हणाला, "सर, हात अब ठीक है." एवढे बोलून थांबला. मग म्हणाला की पूर्वी रात्री गाडीत बसल्यावर त्याला झोप यायची. आता प्रत्येक झाडामागे काय असू शकते ते त्याला दिसते.

मी सहा महिन्यांसाठी अभिलेख कक्षाचा प्रस्ताव मांडला. वरून प्रश्न आला, कोणत्या नियमान्वये? हा प्रश्न आपल्या प्रशासनात ढालीसारखा वापरला जातो. अंतर्गत नेमणूक करण्याचा अधिकार कार्यालयप्रमुखाचा असून त्यासाठी वेगळ्या नियमाची गरज नाही, असे मी लिहिले आणि सोबत प्रशंसापत्राच्या फाइलीची प्रत जोडली. दोन फाइलींची ती पहिली भेट. मंजुरी आली. त्या सहा महिन्यांत त्याने जप्तीच्या मालाच्या जुन्या नोंदवह्या लावल्या. कित्येक वर्षे कोणी हात न लावलेल्या. नोगच्या हिशेबवह्या मी पाहिल्या त्या नंतर. त्यामुळे तो भाग पाहताना हसू आले ते ओळखीचे होते.

मुदत संपताना त्याने आणखी सहा महिने मागितले. माझ्या दृष्टीने सगळ्यात अवघड निर्णय तो होता. विक स्वतःला बंद करतो ते दृश्य काहींना निर्दय वाटते. मला तसे वाटत नाही, पण ते सोपेही वाटत नाही, कारण नेमकी वेळ कोणती हे सांगणारे कोष्टक कोणत्याही शतकात नाही. मी तीन महिने दिले आणि त्यातही आठवड्यातून दोन दिवस दिवसाच्या गस्तीची अट घातली. तो नाराज झाला. नाराज होऊन का होईना, गाडीत बसला.

मालिकेतला नोगही एकदम पूर्ववत होत नाही. तो मर्यादित कामावर परततो, एवढेच दाखवले आहे. जाताना तो विकसाठी एक व्यवस्था करून जातो. स्थानकावरचा दिवस २६ तासांचा. विकचा कार्यक्रम यापुढे दिवसाचे सगळे २६ तास चालू राहील, म्हणजे त्यालाही स्वतःचे आयुष्य जगता येईल. नोगची भूमिका करणारा आरोन आयझेनबर्ग २०१९ मध्ये वारला. युद्धावरून परतलेले अनेकजण आपल्याला भेटून या भागाविषयी बोलतात, असे तो मुलाखतींत सांगत असे. ती माणसे कोणत्या रजेवर होती कोण जाणे.

आमच्या निरीक्षकाचा त्यानंतर काही वर्षांनी फोन आला. माझी बदली केव्हाच झाली होती. पदोन्नतीची बातमी द्यायला त्याने फोन केला होता. रात्रीच्या गस्तीवर जातोस का, असे मी विचारले. जातो, म्हणाला. फक्त थांबायचे झाले की चालकाला गाडी आधी वळवून, तोंड रस्त्याकडे करून उभी करायला सांगतो. आणि आता पथकातले बाकीचेही तसेच करतात.