भाल्यालाही हद्द असते!

बालमित्रांनो, चला अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर! इथे लोक समुद्रात बुडी मारून भाल्याने मासे टिपतात. पण वाट्टेल तसे नाही हं! सार्वजनिक पोहण्याच्या किनाऱ्यापासून १०० यार्डांच्या आत भाला चालवायचा नाही. टोकाशी काडतूस फुटणारा भाला किंवा बुडबुडे न सोडणारं श्वसनयंत्र राज्याच्या समुद्रात शिकारीला चालत नाही. की लार्गोजवळच्या पेनेकँप प्रवाळ उद्यानात तर भाल्याची शिकार पूर्ण बंद!

एवढे नियम कशाला? इथला गोलायथ ग्रूपर मासाच पाहा ना. दोन मीटरांहून लांब वाढतो, पण माणसाला पाहून पळतच नाही! म्हणून भाल्याला, गळाला सहज सापडला आणि जवळजवळ संपला. १९९० साली शिकारबंदी आली, तेव्हा हळूहळू पुन्हा दिसू लागला. २०२३ साली मोजके परवाने दिले, तेही फक्त गळासाठी.

जो पळत नाही, त्याच्यासाठी आपणच थांबायला हवं. पटतंय ना?