लोहगडवाडीची वाट आणि चाळिशीनंतरचा डाव

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलनें मळवलीस उतरावें. भाज्याचीं लेणीं मागें टाकून चढूं लागलें म्हणजे लोहगड व विसापूर यांमधील गायमुख खिंड लागते. तेथून उजव्या हातास वळलें कीं लोहगडवाडी. वाडीपर्यंत आतां मोटारीची सडक आहे. तथापि ज्यांचे पाय धड आहेत त्यांनीं सहकुटुंब चालतच जावें. या चढावर एक वाक्य हटकून कानीं पडतें: "आमचें आतां वय झालें, तुम्ही मुलें पुढें व्हा." बोलणारे गृहस्थ बहुधा चाळिशीचेच असतात!

त्यांस उत्तर समोरचा गडच देतो. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत तो मोगलांकडे गेला. १६७० मध्यें महाराजांनीं परत घेतला. पुढें शंभराहून अधिक वर्षांनीं, १७८९ सालीं, नाना फडणविसांनीं त्यावर सोळाकोनी तळें बांधविलें. आणि २०२५ मध्यें युनेस्कोच्या जागतिक वारशांत त्याची गणना झाली. एका पराभवानें त्याची कथा संपली नाहीं.

माणसांतही असें उदाहरण दूर नाहीं. पुण्याचे प्रा. दिनकर बळवंत देवधर हे सर परशुरामभाऊ महाविद्यालयांत संस्कृत शिकवीत आणि क्रिकेट खेळत. जन्म १८९२ चा. १९२६ मध्यें गिलिगन यांच्या एम्. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईस त्यांनीं १४८ धावा काढल्या. परंतु हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला १९३२ सालीं. तेव्हां ते चाळीस वर्षांचे होते. कसोटी खेळण्याचा योग त्यांना कधींच आला नाहीं.

एवढ्यावर दुसऱ्या कोणीं बॅट माळ्यावर टाकली असती. देवधरांनीं महाराष्ट्र संघाचें नेतृत्व केलें आणि १९३९-४० व १९४०-४१ अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकून आणला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं मुंबईविरुद्ध २४६ धावा केल्या. बावन्नाव्या वर्षीं एकाच सामन्यांत दोन्ही डावांत शतकें काढलीं. विशेष हें कीं, स्वतः खेळत राहून त्यांनीं तरुणांची वाट अडविली नाहीं. त्यांच्याच कारकीर्दींत विजय हजारे या चोवीस वर्षांच्या खेळाडूनें बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. १९७३ पासून देवधरांच्या नांवें करंडक सुरू झाला, आणि तो पाहावयास ते स्वतः हयात होते! १९९३ मध्यें, १०१ वर्षांचे होऊन, ते निवर्तले.

एकत्र कुटुंबांत वडीलपण लवकर पदरीं पडतें. त्याबरोबर खेळ, चालणें, नवें शिकणें हीं मुलांकडे सोंपवून आपण मोकळे होतों. घरांतील स्त्रियांच्या वांट्यास तर ही निवृत्ति पंचविशींतच येते. मुलांना उपदेशापेक्षां बरोबर चालणारी वडील मंडळी अधिक उपयोगी पडतात.

पावसाळ्यांत गडाच्या पायऱ्या निसरड्या असतात, म्हणून दिवाळीनंतर जावें. गणेश दरवाजाशीं घटकाभर दम खावा. आणि मुलें पुढें धांवूं लागलीं तर त्यांना सांगावें, "जरा थांबा, आम्हीही येतों."